बायनरी नेमकी कोणत्या कमिटची? गिट रिव्हिजनचा शिक्का प्रत्येक बिल्डवर बसवण्याची पद्धत

ग्राहकाकडून तक्रार येते, ‘तुमचं १.४ सुरू होताच बंद पडतंय.’ पण १.४ या एकाच नावाखाली तीन बायनरी (कोडवरून तयार झालेल्या, चालवता येणाऱ्या फाइली) फिरत असतात. एक टॅगवरून (ठरावीक कमिटला दिलेल्या नावावरून) तयार झालेली, दुसरी टॅगनंतर चौदा कमिट (गिटमध्ये नोंदवलेले बदल) झाल्यावर चाचणीसाठी दिलेली, आणि तिसरी कोणाच्या तरी लॅपटॉपवर, कमिट न केलेल्या दोन ओळींसकट बिल्ड झालेली. यातली बंद पडणारी कोणती हे बायनरीला स्वतःलाच सांगता आलं, तर पुढचा अर्धा दिवस वाचतो.

त्यासाठी प्रत्येक बिल्डमध्ये गिटच्या (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीच्या) रिव्हिजनचा, म्हणजे ते कोणत्या कमिटवरून झालं याचा, शिक्का उमटवायचा. आपल्या संगणकावर एकदा हे जमवणं दहा मिनिटांचं काम आहे. खरं काम तोच शिक्का लिनक्स, विंडोज, मॅकओएस, डॉकर, सीआय सर्व्हर (आपोआप बिल्ड आणि चाचणी करणारा) आणि गिट नसलेलं टारबॉल (सोर्स कोड एकत्र बांधलेली फाइल) या सगळीकडे बरोबर ठेवण्याचं आहे. या लेखातला प्रत्येक निर्णय एकाच नियमावर बेतलेला आहे: शिक्का चुकीचा असण्यापेक्षा ‘अज्ञात’ असलेला चालेल. चुकीच्या हॅशवर (कमिटच्या ओळखक्रमांकावर) विसंबून माणूस दोन दिवस भलत्याच कोडमध्ये चूक शोधत बसतो. ‘अज्ञात’ दिसलं तर निदान विचारायला तरी येतो.

कमांड, पर्याय आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत करा. कॅपिटल अक्षराने अर्थ बदलतो अशा काही ठिकाणी तसं नमूद केलं आहे.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- गिट २.३२ किंवा त्यापुढचं. जुन्यावरही बहुतेक पायऱ्या चालतात, पण पायरी ६ मधली एक सोय याच आवृत्तीपासून आहे.
- सीमेक (बिल्डचं साधन) ३.२ किंवा पुढचं. मेक, मेसन, गो किंवा रस्ट वापरत असाल तर पायरी ५ पाहा.
- सीआयची कॉन्फिगरेशन फाइल बदलण्याची परवानगी. ही आधीच मागून घ्या, कारण निम्म्या अडचणी तिथेच निघतात.
- रेपोच्या (गिट ज्याचा इतिहास ठेवतं त्या फोल्डरच्या) बाहेरचं एक रिकामं फोल्डर, चाचणीसाठी.

## पायरी १: शिक्क्यात काय हवं आणि काय नको ते ठरवा

चार गोष्टी पुरतात: कमिटचा पूर्ण ४० अक्षरी हॅश, माणसाला वाचता येईल असं ‘गिट डिस्क्राइब’चं वर्णन, कामाच्या फाइली बदललेल्या होत्या का याची खूण, आणि कमिटची वेळ.

पूर्ण हॅश का? छोटा हॅश आज एकाच कमिटकडे बोट दाखवतो, रेपो वाढल्यावर तोच दोघांना लागू पडू शकतो. म्हणूनच गिट २.११ पासून छोट्या हॅशची लांबी रेपोच्या आकारानुसार आपोआप वाढते, आणि लिनक्स कर्नलमध्ये जुन्या कमिटचा उल्लेख करताना किमान १२ अक्षरं द्यायची पद्धत आहे. लॉगमध्ये छोटा दाखवा, पण बायनरीच्या आत पूर्ण साठवा. जागा राखताना ४० वर अडकू नका. एसएचए-२५६ वापरणाऱ्या रेपोत हॅश ६४ अक्षरांचा असतो.

नको असलेल्या गोष्टींत पहिली ब्रँचचं (कामाच्या फाट्याचं) नाव. सीआयमध्ये कमिट थेट चेकआउट होतं (ब्रँचऐवजी त्या कमिटच्या फाइली उतरवल्या जातात), त्यामुळे ब्रँच विचारल्यावर नुसतं ‘हेड’ असं उत्तर येतं. शिवाय ब्रँच उद्या पुढे सरकते, पुसलीही जाते. रिमोटचा (सर्व्हरवरच्या रेपोचा) पत्ता तर अजिबात नको. अनेक सीआय व्यवस्था त्यात प्रवेशाचं टोकन घालतात, आणि ते टोकन मग बायनरीसोबत ग्राहकाकडे जातं. यूजरनेम, संगणकाचं नाव आणि बिल्डची वेळ का टाळायची ते पायरी ८ मध्ये येईल.

नवख्यांना पडणारा एक प्रश्न इथेच सोडवून टाकू. हॅश एका फाइलमध्ये लिहून ती फाइलच कमिट केली तर? जमत नाही. हॅश फाइलींच्या मजकुरावरूनच ठरतो. फाइलमध्ये तो लिहिला की मजकूर बदलला, आणि मजकूर बदलला की हॅश बदलला. प्री-कमिट हुकमधून (कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमधून) आवृत्तीची फाइल भरणाऱ्या व्यवस्था याच कारणाने नेहमी एक कमिट मागे राहतात. शिक्का बिल्डच्या वेळीच तयार व्हायला हवा.

## पायरी २: टॅग नीट लावा

‘गिट डिस्क्राइब’ मागे मागे जात सर्वांत जवळचा टॅग शोधतं आणि असं उत्तर देतं:

व्ही१.४.२-१४-जी३९०४२७१-डर्टी

म्हणजे व्ही१.४.२ या टॅगनंतर १४ कमिट झाले आहेत, आताचा छोटा हॅश ३९०४२७१ आहे, आणि काही फाइली कमिट न करता बदललेल्या आहेत. ‘जी’ हे गिटचं अक्षर आहे, हॅशचा भाग नाही. ते हॅशला चिकटलेलंच कॉपी करून कमिट शोधायला गेलं आणि काहीच सापडलं नाही, असं बऱ्याच जणांचं होतं.

पर्याय न देता ही कमांड चालवली तर ती फक्त ॲनोटेटेड टॅग (लावणाऱ्याचं नाव, तारीख आणि संदेश असलेले) मोजते. नुसतं ‘गिट टॅग व्ही१.४.२’ लिहिलं तर हलका टॅग तयार होतो आणि डिस्क्राइब त्याला ओलांडून जुन्या टॅगवर जातं. तेव्हा प्रकाशनाचे टॅग ‘गिट टॅग -ए’ने लावा आणि ‘गिट पुश --फॉलो-टॅग्ज’ने पाठवा. तो पर्यायही ॲनोटेटेड टॅगच पाठवतो, म्हणजे दोन्ही सवयी एकमेकींना धरून राहतात. ‘--टॅग्ज’ जोडून हलके टॅगही मोजता येतात, पण मग कोणी स्वतःच्या सोयीसाठी लावलेला ‘डेमो-शुक्रवार’ हा टॅग तुमच्या आवृत्तीचं नाव होऊन बसतो. रेपोत इतर प्रकारचे टॅग असतील तर ‘--मॅच’ देऊन व्ही आणि त्यामागे अंक असलेलेच निवडा.

## पायरी ३: माहिती काढण्याचा क्रम पक्का करा

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो या पायरीला. तुमच्या स्क्रिप्टने चार ठिकाणी, याच क्रमाने विचारावं:

१. बाहेरून दिलेलं व्हेरिएबल. पॅकेज बनवणारे आणि डॉकरवाले याच वाटेने माहिती देतात. ते दिलेलं असेल तर पुढे काही पाहू नका.

२. टारबॉलमध्ये भरून आलेली आर्काइव्हची फाइल (पायरी ६). गिटच्या चेकआउटमध्ये ही फाइल कधीच भरलेली नसते, म्हणून तिला गिटच्या आधी विचारणं सुरक्षित आहे.

३. गिट.

४. यातलं काहीच नसेल तर ‘अज्ञात’.

दुसरा क्रमांक तिसऱ्याच्या आधी का, याला ठोस कारण आहे. तुमचं टारबॉल कोणीतरी स्वतःच्या रेपोच्या आत उघडतो. लिनक्स वितरणांची पॅकेजं बनवणारे हे रोज करतात, आणि काही जण तर सगळं होम फोल्डरच गिटमध्ये ठेवतात. गिट आताच्या फोल्डरमध्ये रेपो सापडला नाही तर वर वर जात शोधतं. मग तुमच्या बायनरीवर त्या परक्या रेपोचा हॅश बसतो. हॅश दिसायला अगदी खरा असतो, म्हणूनच हा सापळा घातक. गिटला विचारताना आणखी एक पहारा ठेवा: ‘गिट एलएस-फाइल्स --एरर-अनमॅच’ला तुमच्या मुख्य बिल्ड फाइलचं नाव द्या. ती फाइल त्या रेपोत नोंदलेली नसेल तर कमांड अपयशी ठरते, आणि हा रेपो आपला नाही हे कळतं.

रेपो आहे की नाही हे ‘.गिट’ नावाचं फोल्डर शोधून ठरवू नका. वर्कट्री (त्याच रेपोचं दुसरं कामाचं फोल्डर) आणि सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेला दुसरा रेपो) यांमध्ये ‘.गिट’ ही साधी फाइल असते आणि तिच्यात खऱ्या फोल्डरचा पत्ता असतो. ‘गिट रेव्ह-पार्स --गिट-डिर’ला विचारा. हॅशसाठी ‘.गिट’च्या आतल्या फाइली स्वतः उघडून वाचू नका, कारण ब्रँचची नोंद कधी सुट्या फाइलमध्ये असते, तर कधी ‘पॅक्ड-रेफ्स’मध्ये.

तिसरा पहारा गिटच्या मालकी-तपासणीसाठी. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या २.३५.२ पासून, फोल्डरचा मालक आणि कमांड चालवणारा यूजर वेगळा असेल तर गिट सुरक्षेसाठी काम करायला नकार देतं. कंटेनरमध्ये बाहेरचं फोल्डर जोडलं आणि आत रूट म्हणून बिल्ड केलं की हेच होतं. तुमची स्क्रिप्ट चुकांचे संदेश गिळून टाकत असेल तर निमूटपणे ‘अज्ञात’ छापलं जाईल. म्हणून ‘.गिट’ नावाचं काहीही, फाइल असो वा फोल्डर, जागेवर आहे आणि तरी गिट अपयशी ठरतंय, असं दिसलं तर बिल्ड थांबवा आणि गिटचा मूळ संदेश जसाच्या तसा दाखवा. उपाय म्हणजे ‘सेफ.डिरेक्टरी’ या सेटिंगमध्ये त्या एकाच फोल्डरचा पूर्ण मार्ग देणं. तिथे तारांकन टाकून सगळ्यालाच मोकळीक देऊ नका.

आता डर्टीविषयी. ‘--डर्टी’ फक्त गिटला माहीत असलेल्या फाइलींमधले बदल पाहतं. तुम्ही नवी सी फाइल तयार केली, ती गिटमध्ये जोडली नाही, पण बिल्ड व्यवस्था फोल्डरमधल्या सगळ्या फाइली उचलते, तर बायनरीत असा कोड गेला जो कुठल्याच कमिटमध्ये नाही, आणि शिक्का मात्र स्वच्छ. यावर ‘गिट स्टेटस --पोर्सेलिन’ चालवा. उत्तर रिकामं नसेल तर डर्टी समजा. त्यासाठी बिल्डमधून तयार होणाऱ्या सगळ्या फाइली ‘.गिटइग्नोर’मध्ये असायला हव्यात.

याउलट खोटं डर्टीही दिसतं. त्याची तीन नेहमीची कारणं:

- विंडोजवर ओळीच्या शेवटची चिन्हं बदलतात. ‘.गिटॲट्रिब्यूट्स’मध्ये ‘* टेक्स्ट=ऑटो’ लिहून सगळ्यांसाठी एकच नियम करा.
- वाटून घेतलेल्या ड्राइव्हवर फाइलींची चालवण्याची परवानगी बदललेली दिसते. तिथे ‘कोअर.फाइलमोड’ बंद करा.
- ‘गिट डिफ-इंडेक्स’ थेट वापरलं असेल तर फाइलची नुसती वेळ बदलल्यानेही बदल दिसतो. आधी ‘गिट अपडेट-इंडेक्स --रिफ्रेश’ चालवावं लागतं. डिस्क्राइब आणि स्टेटस हे स्वतः करतात.

गिटऐवजी सबव्हर्जनवर असाल तर ‘एसव्हीएनव्हर्जन’ हेच काम करतं. ‘४१२३:४१६८एम’ असं उत्तर आलं तर फाइली ४१२३ ते ४१६८ अशा मिश्र रिव्हिजनच्या आहेत आणि त्यात बदलही आहेत. अशा बिल्डला एक क्रमांक देऊ नका, पूर्ण उत्तरच साठवा. मर्क्युरियलमध्ये ‘एचजी आयडी’ बदल असतील तेव्हा हॅशमागे अधिकचं चिन्ह लावतं.

## पायरी ४: सीमेकमध्ये बसवा, आणि शिळा शिक्का टाळा

सर्वांत जास्त पसरलेली चूक ही: सीमेकलिस्ट्स फाइलमध्ये ‘एक्झिक्यूट_प्रोसेस’ने गिटला विचारायचं आणि उत्तर कंपायलरला व्याख्या म्हणून द्यायचं. हे फक्त कॉन्फिगर करताना चालतं. त्यानंतर तुम्ही दहा कमिट केले आणि नुसतं बिल्ड केलंत, तर शिक्का दहा कमिट जुनाच राहतो.

बरोबर रचना अशी:

अ) गिटला विचारणारा भाग वेगळ्या सीमेक स्क्रिप्टमध्ये ठेवा. शेल स्क्रिप्ट नको. विंडोजवर ‘एसएच’ असेलच असं नाही, सीमेक मात्र बिल्डसाठी लागतंच.

आ) ‘ॲड_कस्टम_टार्गेट’ला ‘ऑल’ देऊन ती स्क्रिप्ट ‘सीमेक -पी’ने चालवा. कस्टम टार्गेट प्रत्येक बिल्डला चालतं. स्क्रिप्टला लागणारी व्हेरिएबल्स कॅपिटल ‘-डी’ने द्या, आणि ती कॅपिटल ‘-पी’च्या आधीच यायला हवीत. नंतर दिलेली स्क्रिप्टपर्यंत पोचत नाहीत, आणि तसा इशाराही मिळत नाही.

इ) स्क्रिप्टच्या आत ‘सीमेक_सोर्स_डिर’वर विसंबू नका. ‘-पी’ने चालवताना त्याचा अर्थ ‘कमांड जिथून चालली ते फोल्डर’ असा होतो. प्रकल्पाचा मार्ग स्वतःच्या व्हेरिएबलमधून पाठवा आणि ‘वर्किंग_डिरेक्टरी’ म्हणून तोच द्या.

ई) उत्तर ‘कॉन्फिगर_फाइल’ने हेडरमध्ये उतरवा. मजकूर बदलला नसेल तर ती फाइलला हात लावत नाही, म्हणून कमिट तेच असताना फेरकंपाइल होत नाही.

उ) तयार होणारी फाइल ‘बायप्रॉडक्ट्स’मध्ये नोंदवा आणि मुख्य टार्गेटला ‘ॲड_डिपेन्डन्सीज’ने या टार्गेटवर अवलंबून ठेवा. निंजा या साधनाने बिल्ड करताना ‘बायप्रॉडक्ट्स’ राहिलं, तर पहिल्याच बिल्डला ‘फाइल सापडत नाही’ असा संदेश येऊ शकतो.

ऊ) हेडर बिल्ड फोल्डरमध्येच तयार करा. सोर्स फोल्डरमध्ये तयार केलं आणि ती फाइल चुकून कमिट झाली, तर प्रत्येक बिल्ड स्वतःलाच डर्टी करतं.

हे हेडर फक्त एकाच सी फाइलमध्ये घ्या. त्या फाइलमध्ये शिक्का परत देणारं एक छोटं फंक्शन ठेवा आणि बाकी सगळ्यांनी ते फंक्शन वापरावं. हेच हेडर शंभर फाइलींमध्ये घेतलं तर प्रत्येक कमिटनंतर शंभर फाइली पुन्हा कंपाइल होतात, आणि सीकॅशचाही (आधीचं कंपाइल साठवणाऱ्या साधनाचाही) काही उपयोग राहत नाही. कंपायलरच्या जागतिक फ्लॅगमधून हॅश दिला तर सगळाच प्रकल्प नव्याने बिल्ड होतो, ते आणखी वाईट.

## पायरी ५: सीमेक नसेल तर

मेक: कधीच पूर्ण न होणारं ‘फोर्स’ टार्गेट ठेवा. नवा मजकूर आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, ‘सीएमपी -एस’ने जुन्याशी ताडून पाहा, वेगळा असेल तरच ‘एमव्ही’ने जागेवर आणा.

मेसन: ‘व्हीसीएस_टॅग’ हे तयार फंक्शन वरचं सगळं करतं. त्याला ‘फॉलबॅक’ नक्की द्या.

गो: १.१८ (मार्च २०२२) पासून ‘गो बिल्ड’ हॅश, वेळ आणि बदल असल्याची खूण आपोआप साठवतं. ‘गो व्हर्जन -एम’ला बायनरीचं नाव दिलं की ती दिसतात. १.२४ पासून टॅगवरून मुख्य मॉड्यूलची आवृत्तीही भरली जाते. कंटेनरमध्ये ‘व्हीसीएस स्टेटस मिळवता आलं नाही, एक्झिट स्टेटस १२८’ अशी चूक आली तर ती बहुधा पायरी ३ मधली मालकीचीच असते. संदेशात सुचवल्याप्रमाणे ‘बिल्डव्हीसीएस’ बंद करण्याचा मोह होतो, पण त्याने शिक्काच जातो. मालकी दुरुस्त करा.

रस्ट: ‘बिल्ड.आरएस’मध्ये ‘.गिट/हेड’ बदललं तर पुन्हा चालव, असं लिहिण्याची पद्धत आहे, आणि ती अपुरी आहे. ब्रँचवर असताना त्या फाइलमध्ये फक्त ब्रँचचं नाव असतं. त्याच ब्रँचवर नवं कमिट केलं तरी ती तशीच राहते. ‘.गिट/लॉग्ज/हेड’ प्रत्येक कमिटला बदलते, म्हणून तिच्यावरही लक्ष ठेवा. रिफ्लॉग (याच हालचालींची नोंद) बंद असलेल्या सीआयमध्ये ती फाइल नसेल, पण तिथे बिल्ड बहुधा कोऱ्या पाटीवरूनच होतं.

पायथन: ‘सेटअपटूल्स-एससीएम’ वापरा, स्वतःची जुळवाजुळव करू नका.

## पायरी ६: टारबॉलमध्ये माहिती पोचवा

‘गिट आर्काइव्ह’ने केलेल्या टारबॉलमध्ये ‘.गिट’ नसतं. गिटहबवरून डाउनलोड होणारी सोर्सची झिप फाइलही तशीच. यावर गिटमध्येच उपाय आहे. रेपोत एक छोटी फाइल ठेवा, तिच्यात ‘$फॉरमॅट:%एच$’ अशी एक ओळ लिहा (दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर कॅपिटल), आणि ‘.गिटॲट्रिब्यूट्स’मध्ये त्या फाइलला ‘एक्सपोर्ट-सब्स्ट’ हा गुण द्या. आर्काइव्ह तयार होताना त्या जागी पूर्ण हॅश येतो. चेकआउटमध्ये ओळ तशीच राहते.

फाइल भरली गेली का हे तपासताना पूर्ण मूळ ओळीशी तुलना करू नका. ती तुलना त्याच फाइलमध्ये लिहिलेली असेल तर आर्काइव्ह होताना तुलनेतली ओळसुद्धा बदलते आणि तपासणी उलटी पडते. पहिलं अक्षर डॉलरचं आहे का, एवढंच पाहा.

छोट्या हॅशचा (लहान ‘एच’) आणि ब्रँच-टॅगच्या नावांचा (लहान ‘डी’) वापर इथे टाळा. छोटा हॅश रेपो वाढल्यावर लांबतो, आणि ब्रँच पुढे सरकली की नावं बदलतात. मग त्याच टॅगचं टारबॉल सहा महिन्यांनी पुन्हा डाउनलोड केलं तर चेकसम जुळत नाही, आणि पॅकेज बनवणाऱ्यांचं बिल्ड मोडतं. गिट २.३२ पासून ‘%(डिस्क्राइब)’ही वापरता येतं, पण एका आर्काइव्हमध्ये ते एकदाच भरलं जातं. ते वाचायच्या सोयीसाठी ठेवा, विश्वास पूर्ण हॅशवर.

टारबॉल उघडल्यावर कोणी कोड बदलला तर ते कळायला मार्ग नाही. म्हणून या वाटेने आलेल्या शिक्क्यामागे ‘आर्काइव्ह’ अशी खूण जोडा. ती दिसली की वाचणाऱ्याला समजतं, स्वच्छतेची खात्री इथे कोणी केलेली नाही.

सीव्हीएस किंवा सबव्हर्जनमधून आलेले लोक ‘$आयडी$’ हा जुना शब्द गिटमध्ये वापरून पाहतात. ‘आयडेंट’ गुण दिला तर तो भरतोही, पण त्यात येणारा हॅश त्या एका फाइलच्या मजकुराचा असतो, कमिटचा नाही.

## पायरी ७: सीआय आणि डॉकर

‘आपल्याकडे व्ही१.४.२-१४ दिसतं, सर्व्हरवर नुसता हॅश का येतो?’ उत्तर जवळपास नेहमी एकच असतं: सीआयने पूर्ण इतिहास आणलेलाच नाही. गिटहब ॲक्शन्समधलं ‘चेकआउट’ डीफॉल्टने एकच कमिट आणतं. तिथे ‘फेच-डेप्थ: ०’ लिहा. गिटलॅबमध्ये नव्या प्रकल्पांना २० कमिटांची खोली असते. तिथला सापळा जास्त फसवा आहे, कारण टॅगनंतर थोडेच कमिट असतील तोवर सगळं नीट चालतं आणि टॅग त्या खोलीच्या पलीकडे गेला की अचानक आवृत्ती गायब होते. ‘गिट_डेप्थ’ हे व्हेरिएबल (सगळी अक्षरं कॅपिटल) ० करा. इतर ठिकाणी बिल्डच्या आधी ‘गिट फेच --अनशॅलो --टॅग्ज’ चालवा.

‘--ऑलवेज’ हा पर्याय टॅग न सापडल्यास नुसता हॅश देऊन वेळ निभावतो. रोजच्या बिल्डला तो असू द्या. प्रकाशनाच्या बिल्डमध्ये मात्र काढा, म्हणजे टॅग नसेल तर बिल्ड तिथेच थांबेल. त्याच जागी डर्टी आणि ‘अज्ञात’ या दोन्हींवरही बिल्ड थांबवणारी तपासणी लावा.

पुल रिक्वेस्टची (ब्रँचमधले बदल मुख्य ब्रँचमध्ये घेण्याच्या विनंतीची) बिल्ड वेगळी समजून घ्या. गिटहब ॲक्शन्स तिथे तुमची ब्रँच आणि मुख्य ब्रँच एकत्र करून तयार केलेलं तात्पुरतं मर्ज कमिट चेकआउट करतं. शिक्क्यात त्याचाच हॅश येतो, आणि तो नंतर कुठल्याच ब्रँचच्या इतिहासात सापडत नाही. अशी बायनरी चाचणीसाठी कोणाला देणार असाल तर ब्रँचचं खरं कमिट निवडून चेकआउट करा.

डॉकरमध्ये ‘.डॉकरइग्नोर’ बहुतेक वेळा ‘.गिट’ वगळतं, आणि ते योग्यच आहे. संपूर्ण इतिहास इमेजमध्ये ओढण्याऐवजी हॅश बाहेर काढा आणि ‘--बिल्ड-आर्ग’ने द्या. तो घेणारी ‘आर्ग’ची ओळ डॉकरफाइलमध्ये शक्य तितकी खाली ठेवा. वर ठेवली तर प्रत्येक कमिटला खालच्या ‘रन’ पायऱ्यांची कॅश फुकट जाते आणि सगळी पॅकेजं पुन्हा उतरवली जातात. इमेजच्या लेबलसाठी ठरलेलं नाव आहे: ‘ओआरजी.ओपनकंटेनर्स.इमेज.रिव्हिजन’. तेच वापरा, नवं शोधू नका.

## पायरी ८: बिल्डची वेळ नको, कमिटची वेळ घ्या

त्याच कमिटवरून दोनदा बिल्ड केलं तर बिट न् बिट तीच बायनरी मिळायला हवी. बिल्डची वेळ किंवा संगणकाचं नाव आत गेलं की ते अशक्य होतं. ‘गिट लॉग -१ --फॉरमॅट=%सीटी’ने कमिटची वेळ सेकंदांत मिळते. ती ‘सोर्स_डेट_ईपॉक’ या व्हेरिएबलमध्ये (सगळी अक्षरं कॅपिटल) ठेवा. जीसीसी ७ पासून कोडमधले ‘__डेट__’ आणि ‘__टाइम__’ हे मॅक्रोही हीच वेळ दाखवतात. असे मॅक्रो कुठे लपले आहेत ते शोधायला ‘-डब्ल्यूडेट-टाइम’ हा इशारा चालू करा. त्यातलं पहिलं ‘डब्ल्यू’ कॅपिटल.

## पायरी ९: शिक्का पुढे कुठे वाचला जाणार ते पाहा

डिस्क्राइबचं उत्तर जसंच्या तसं आवृत्ती क्रमांक म्हणून वापरता येत नाही. सेमव्हरच्या (आवृत्ती क्रमांक देण्याच्या प्रचलित पद्धतीच्या) नियमात डॅशनंतरचा भाग म्हणजे ‘प्रकाशनापूर्वीची’ आवृत्ती. म्हणजे १.४.२-१४ ही १.४.२ पेक्षा जुनी ठरते, आणि अपडेट करणारा प्रोग्राम ग्राहकाला मागच्या आवृत्तीवर नेतो. अधिकचं चिन्ह घातलं, १.४.२+१४, तर क्रम बिघडत नाही, पण नुसत्या त्या भागावरून नवं-जुनं ठरतही नाही. आरपीएम या लिनक्स पॅकेजच्या आवृत्तीत डॅशला परवानगी नाही, आणि डॉकरच्या टॅगमध्ये अधिकचं चिन्ह चालत नाही. तेव्हा मूळ उत्तर जसंच्या तसं साठवा आणि प्रत्येक ठिकाणासाठी त्यावरून वेगळं रूप तयार करा.

पायरी २ च्या उदाहरणातला हॅश, ३९०४२७१, मुद्दाम नुसत्या अंकांचा घेतला होता. सात अक्षरी हॅशपैकी साधारण ३.७ टक्के, म्हणजे दर सत्तावीसातला एक, असा असतो. यॅमल फाइलमध्ये तो अवतरणचिन्हांशिवाय लिहिला तर संख्या म्हणून वाचला जातो. सुरुवातीला शून्य असेल तर ते गळतं, आणि अंकांमध्ये एकच ‘ई’ आला तर दहाच्या घातातली भलीमोठी संख्या होते. अवतरणचिन्हं नेहमी घाला, किंवा पुढचं ‘जी’ राहू द्या.

## पायरी १०: शिक्का वाचता येईल अशा जागी ठेवा

‘--व्हर्जन’ला उत्तर द्या, आणि प्रोग्राम सुरू होताच लॉगच्या पहिल्या ओळीत तेच छापा. क्रॅश झालेला प्रोग्राम ‘--व्हर्जन’ चालवून दाखवू शकत नाही, लॉगची पहिली ओळ मात्र मागे राहते. बायनरी चालवता येत नसेल तर ‘स्ट्रिंग्ज’ कमांडने शिक्का सापडावा म्हणून त्याच्या आधी सहज शोधता येईल असा ठरावीक शब्द जोडा. ती स्ट्रिंग कुठेच वापरली नसेल तर कंपायलर किंवा लिंकर ती काढून टाकतो. ‘युज्ड’ ॲट्रिब्यूट कंपायलरपुरतं पुरतं. ‘--जीसी-सेक्शन्स’ (न वापरलेले भाग काढणारा लिंकरचा पर्याय) वापरत असाल तर लिंकर स्क्रिप्टमध्ये ‘कीप’ही लागतं.

फर्मवेअरमध्ये जागा मोजून असते. ईएसपी-आयडीएफमध्ये (ईएसपी३२ चिपसाठी फर्मवेअर लिहिण्याच्या प्रणालीत) आवृत्तीला ३२ बाइट मिळतात, शेवटचा शून्य धरून, म्हणजे ३१ अक्षरं. व्ही१.१४.२-आरसी१ हा टॅग रोमनमध्ये ११ अक्षरांचा, त्यावर ‘-१४’ची ३ आणि १२ अक्षरी हॅशसह ‘-जी’ची १४, अशी २८ झाली. ‘-डर्टी’ला ६ लागतात आणि उरलीत ३. तुटतो तो नेमका डर्टीचा भाग. अशा ठिकाणी डर्टीची खूण वेगळ्या एका बाइटमध्ये ठेवा, किंवा स्ट्रिंगच्या सुरुवातीला आणा.

## पायरी ११: तपासून पाहा

खालचं प्रत्येक बिल्ड करून शिक्का डोळ्यांनी वाचा:

- टॅगवर, काहीही न बदलता: नुसता टॅग.
- एक कमिट करून, पुन्हा कॉन्फिगर न करता: आकडा एकने वाढलेला.
- एका फाइलमध्ये एक रिकामी ओळ घालून: डर्टी.
- नवी फाइल तयार करून, गिटमध्ये न जोडता: डर्टी.
- ‘गिट वर्कट्री ॲड’ने केलेल्या फोल्डरमध्ये: बरोबर हॅश.
- ‘गिट आर्काइव्ह’चं टारबॉल दुसऱ्याच एखाद्या रेपोच्या आत उघडून: तुमचा हॅश, त्या रेपोचा नाही.
- टारबॉलमधली आर्काइव्हची फाइल पुसून: अज्ञात.
- ‘--डेप्थ १’ने क्लोन करून प्रकाशनाचं बिल्ड: थांबायला हवं.
- काहीही न बदलता लागोपाठ दोनदा: दुसऱ्या वेळी एकही फाइल कंपाइल होता कामा नये.

शेवटी, ग्राहकाकडे गेलेली एक खरी बायनरी घ्या. तिच्यातला हॅश वाचा, कोऱ्या फोल्डरमध्ये तेच कमिट चेकआउट करा, कंपायलरची तीच आवृत्ती आणि तेच फ्लॅग वापरून बिल्ड करा आणि ‘सीएमपी’ने दोन्ही ताडून पाहा. फरक निघाला तर आधी डीबग माहितीत शिरलेले फोल्डरचे मार्ग तपासा. जीसीसी ८ पासून ‘-एफफाइल-प्रीफिक्स-मॅप’ने ते काढता येतात. तरीही फरक उरला तर ‘डिफोस्कोप’ला दोन्ही बायनरी द्या, कोणत्या सेक्शनमध्ये काय वेगळं आहे ते तो दाखवतो.